काल्पनिक रान उभं करायचंय? आधी चैत्रातलं पाणी ठरवा

काही वर्षांपूर्वी मुलांसाठी एक लांब गोष्ट लिहिली होती. त्यातलं रान सगळं मनातलं. तीन वाघ, चितळांचे कळप, बारमाही धबधबा, कड्यावर गरुडाचं घरटं. माझे मामा सातारा जिल्ह्यात घाटमाथ्यावरच्या एका वाडीत राहिलेले. जन्म सगळा गुरांमागे आणि रानात गेलेला. त्यांना ती गोष्ट वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "समदं ब्येस हाय. पर चैताच्या उन्हात ही एवढी जनावरं पाणी कुठं पित्यात, ते काय लिवलं न्हाईस बाळ."

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शोधायला बसल्यावर कळलं की ते शोधता शोधता सगळं रानच नव्याने रचावं लागतंय. पाणी कुठे टिकेल हे खडकावर ठरतं. झाडं पाण्यावर ठरतात, जनावरं झाडांवर, आणि गोष्टीतली माणसं कुठल्या वाटेने चालतील तेही या सगळ्यावर. तेव्हापासून कुठलंही रान कागदावर आणताना मी त्याच प्रश्नापासून सुरुवात करतो. ती पद्धत इथे पायरीपायरीने मांडतोय. कथा, कादंबरी, चित्रकथा, खेळ, शाळेतला प्रकल्प, कशासाठीही ती चालेल.

बोलताना हाताशी उदाहरण असावं म्हणून आपण एक रान सोबतच उभं करू. त्याचं नाव 'भेरलीचं खोरं'. हे कुठल्याही नकाशात नाही, मात्र त्याची हाडं सह्याद्रीची आहेत. तुमचं रान विदर्भातल्या सागवानी मुलखासारखं किंवा खाडीकाठच्या खारफुटीसारखं असेल तर तपशील बदलतील. पायऱ्यांचा क्रम मात्र तोच ठेवा.

कागद घ्या आणि मुलूख मोजा

चौकटीचा कागद, शिसपेन्सिल, खोडरबर आणि तीन रंग एवढं पुरे. एक सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर धरा. भेरलीचं खोरं आपण उत्तर-दक्षिण २४ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम १४ किलोमीटर धरू. म्हणजे ३३६ चौरस किलोमीटर. तुलनेसाठी सांगतो, कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली जाहीर झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प सुमारे ११६५ चौरस किलोमीटरचा आहे. आपलं खोरं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान आहे. गोष्टीला ते पुरतं. पहिल्या प्रयत्नात याहून मोठं रान घेऊ नका, भरता येत नाही.

आता अंतर पायांनी मोजायला शिका. डोंगर चालणाऱ्यांचा एक जुना हिशोब आहे: सपाटीवर ताशी पाच किलोमीटर, आणि प्रत्येक ६०० मीटर चढाला वर एक तास. आपल्या खोऱ्याच्या पश्चिमेला कोकणतळ १०० मीटर उंचीवर आणि माथा १००० मीटरवर आहे असं धरा. मधलं आडवं अंतर चार किलोमीटर. चालण्याचा पाऊण तासाहून थोडा जास्त वेळ आणि ९०० मीटर चढाचा दीड तास, म्हणजे जवळजवळ अडीच तास झाले. डोक्यावर ओझं, पावसाळी शेवाळ किंवा अंधार असेल तर चार धरा. गोष्टीतला पोऱ्या 'धावत माथा गाठून' पंधरा मिनिटांत परत येऊ लागला की वाचकाचा विश्वास तिथेच उडतो, मग तो वाचक कधी डोंगरात गेलेला नसला तरी.

खडक

ही पायरी बहुतेक जण गाळतात. गाळू नका.

सह्याद्रीचा आपल्याकडचा भाग लाव्हाच्या थरांनी बनलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा थरावर थर पसरत गेला. म्हणून आपल्या डोंगरांना पायऱ्या दिसतात: उभा काळा कडा, मग गवताची पट्टी, पुन्हा कडा. त्या प्रत्येक पट्टीवर वाट, वाडी किंवा गुरांची चरणी असू शकते. पश्चिमेकडे डोंगर एकदम तुटतो. पूर्वेकडे लांब दांड सोडत हळूहळू उतरतो. एवढं एक वाक्य नकाशावर उतरवलं तरी रानाला पाठ आणि पोट मिळतं.

माथ्यावर काही ठिकाणी जांभ्याची टोपी असते. वर सपाट, उघडा, जवळजवळ माती नसलेला खडक, म्हणजेच सडा. आपल्या खोऱ्यात असा एक सडा पश्चिम माथ्यावर काढा, चार किलोमीटर लांब आणि एक रुंद. त्याला 'गेंदाचा सडा' म्हणू. तो पुढे फार उपयोगी पडणार आहे.

पाऊस कुठून येतो, कुठे संपतो

नकाशावर एक बाण काढा, नैऋत्येकडून ईशान्येकडे. हा पावसाळी वारा. तो कड्यावर आदळतो, वर चढतो, थंड होतो आणि माथ्यावर रिता होतो. हजार मीटर चढल्यावर हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते, म्हणून ढगांना तिथे पाणी टाकावंच लागतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून तीसेक किलोमीटरवर खाली असलेल्या वाईला हजाराच्याही आत. एवढ्याशा अंतरात दोन वेगळी जगं आहेत.

आपल्या कागदावर तीन उभ्या पट्ट्या करा: कोकणउतार ३५०० मिलिमीटर, माथा ५५००, पूर्वेकडची कड १२००. माथ्यावरच्या एका चौरस किलोमीटरवर वर्षात ५५० कोटी लिटर पाणी पडतं, तेही जवळजवळ सगळं चार महिन्यांत. हा आकडा लिहून ठेवा, कारण पुढची पायरी त्याच्या उलट बाजूची आहे.

पाणी, आणि तेही चैत्रातलं

एवढं पाणी पडून मार्चमध्ये ओढे कोरडे का होतात? घट्ट काळा पाषाण पाणी साठवत नाही. पाणी भेगांतून, दोन थरांच्या मधून आणि सच्छिद्र थरातून झिरपतं. खाली घट्ट खडक किंवा लाल मातीचा चिवट थर लागला की आडवं सरकतं आणि डोंगराच्या पोटातून बाहेर येतं. तिथे झरा असतो. म्हणून एकाच डोंगरावरचे झरे बहुतेकदा साधारण एका उंचीवर, ओळीने सापडतात. जांभ्याच्या सड्याखालीही असंच होतं. सडा पाणी पितो आणि त्याच्या पायथ्याशी ते हळूहळू सोडतो.

आता निळा रंग घ्या. गेंदाच्या सड्याच्या पूर्व पायथ्याला, सुमारे ९०० मीटर उंचीवर, चार झरे ओळीने काढा. त्यातले दोन बारमाही ठेवा आणि दोन माघात आटणारे. या झऱ्यांच्या पाण्यातून नदी निघेल, तीच भेरली. ती कुठे वाहील? माथ्यापासून समुद्र पश्चिमेला जवळ असला तरी ती पूर्वेकडेच जाईल, कारण उतार तिकडे आहे. कोयनाही अशीच. महाबळेश्वरी उगम पावून डोंगराच्या दोन रांगांमधून दक्षिणेला जाते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. भेरलीलाही दोन रांगांमधून दक्षिणेकडे न्या आणि खालच्या कोपऱ्यात पूर्वेला वळवा. मधली जागा आपोआप बंदिस्त, आडबाजूची होते. गोष्टीला असंच खोरं हवं असतं.

नदी काढताना तीन चुका कायम होतात. नदी उताराकडे जाताना फुटते असं दाखवतात. खरं तर ओढे एकमेकांना मिळत जातात. फुटणं असलंच तर समुद्राजवळच्या गाळाच्या सपाटीत, डोंगरात नाही. दुसरी चूक, तळ्याला दोन बाजूंनी दोन नद्या सोडतात. तळं ज्या सर्वांत खालच्या कडेवरून सांडतं तिथून एकच ओढा निघतो. तिसरी चूक सुळक्याच्या टोकावर वाहता झरा दाखवण्याची. टोकावर पाणी हवं असेल तर खोदलेलं टाकं दाखवा. आपल्या किल्ल्यांवर तेच आहे.

मग खरं काम सुरू होतं. त्याच नकाशावर पारदर्शक कागद ठेवा आणि त्यावर फक्त एप्रिलअखेर उरणारं पाणी काढा. भेरलीची धार तुटलेली असेल. उरतील डोह. वळणावर, कातळात खोल गेलेले, सावलीतले. आपण पाच डोह ठेवू. त्यांत 'अस्वलडोह' सर्वांत खोल. सड्याखालचे दोन झरे. देवराईतलं एक कुंड. पूर्वेकडे काहीच नाही, फक्त वाडीची विहीर.

म्हणजे ३३६ चौरस किलोमीटरमध्ये आठ ठिकाणी रानाचं पाणी. एक छोटं वर्तुळ प्रत्येक पाणवठ्याभोवती काढा, दोन-तीन किलोमीटर त्रिज्येचं. चैत्र-वैशाखात तुमच्या गोष्टीतलं जवळजवळ सगळं या वर्तुळांतच घडेल. शिकार, भांडण, भेट, चोरशिकाऱ्याचा सापळा, हरवलेल्या माणसाचा शोध, सगळं. मामांचा प्रश्न किती खोल होता ते हा दुसरा कागद समोर आला की कळतं. उरलेल्या वर्षाचा नकाशा गोष्टीला जागा देतो आणि हा उन्हाळी नकाशा तिला घटना देतो.

झाडं: पट्ट्यांनी लावा, ठिपक्यांनी नाही

'घनदाट अरण्य' हा शब्द टाळा. कुठलं दाट, कशानं दाट, ते सांगा.

कोकणउताराला ऐन, किंजळ, बेहडा, साग, अधूनमधून बांबूची बेटं. उन्हाळ्यात यांची पानं झडतात आणि रान आरपार दिसतं. त्याच उताराच्या घळींत मात्र ओल टिकते. तिथे सदाहरित पट्टा ठेवा, त्यात भेरली माड. त्यावरूनच आपल्या नदीचं नाव आलं. माथ्यावर अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा. वाऱ्याने खुजी, एकमेकांत गुंतलेली, खोडांवर शेवाळ आणि आमरी. सड्यावर झाडं नाहीत. पावसानंतर गेंद, तेरडा, सीतेची आसवं आणि किडे खाणारी दवबिंदू उगवतात, बाकी वर्षभर काळा खडक. पूर्वेकडे धावडा, बोर, हेकळ आणि पिवळं गवत.

उतार कुठे तोंड करून आहे तेही पाहा. आपल्या अक्षांशाला सूर्य वर्षातले बरेच महिने दक्षिणेकडून तळपतो. म्हणून उत्तरेकडे तोंड केलेला उतार ओला आणि दाट राहतो, दक्षिणेकडचा लवकर वाळतो. एकाच टेकडीच्या दोन अंगांना दोन रानं देता येतात आणि ते खरं असतं.

मधल्या उतारांवर कारवी लावा. कारवी साधारण सात वर्षांनी एकदाच, सगळी मिळून फुलते आणि मग मरते. डोंगर जांभळा होतो, मधमाश्या तुटून पडतात. तेव्हा स्वतःला विचारा: माझ्या गोष्टीचं साल कारवीचं कितवं? सहावं असेल तर कारवी पुरुषभर उंच, आत शिरलेला माणूस दिसणार नाही. फुलून गेल्यानंतरचं असेल तर उतारावर नुसत्या वाळक्या काठ्या आणि खाली कोवळी रोपं. लपायला जागा नाही. एका झाडाने तुमच्या कथानकाला दिशा द्यावी, याहून चांगलं काय?

जनावरं: प्रत्येकाला चार प्रश्न

एकेका प्राण्यासमोर चार रकाने करा. काय खातो, पाणी कुठे पितो, लपतो कुठे, आणि येण्याजाण्याची वाट कोणती. चारही भरले तरच तो प्राणी रानात राहील.

मी चितळांचे कळप घातले होते. या परीक्षेत ते पहिल्यांदा गेले. चितळाला मोकळं, गवताळ, फार चढ नसलेलं रान हवं. भरपावसाच्या, दाट, उभ्या माथ्यावर ते सहसा नसतं. इथे राहतात सांबर, भेकर, रानडुक्कर, गवा. पिसोरीही, जेमतेम तीन-चार किलोचं हरीण, पालापाचोळ्यात उभं असलं तरी दिसत नाही. गव्याला रोज पाणी लागतं आणि भरपूर चारा, म्हणून त्याचा मुक्काम डोहांपासून फार दूर नेऊ नका. सांबर चिखलात लोळतं, त्याला डोहाची चिखलाळ बाजू द्या. अस्वलाला वारुळं आणि उंबर द्या, दिवसा झोपायला कातळाची कपार द्या. अस्वलडोहाच्या वर ती कपार आहेच.

शेकरू, आपल्या राज्याचा प्राणी, जमिनीवर फारसा उतरत नाही. त्याला फांदीला फांदी लागलेली सलग झाडं हवीत. वणव्याने किंवा रस्त्याने छत तुटलं की शेकराचा मुलूख तिथे संपला. नकाशावर ती रेघ काढता येते, ती काढाच. धनेशाची गोष्ट तर अख्खं प्रकरण होईल अशी आहे. त्याला घरट्याला म्हाताऱ्या, मोठ्या झाडाची ढोली लागते. मादी आत बसून ढोलीचं तोंड लिंपून घेते, फक्त फट ठेवते, आणि नर आठवडेच्या आठवडे त्या फटीतून तिला आणि पिल्लांना भरवतो. त्या काळात नर मेला तर आतलं कुटुंबच संकटात येतं. धनेशाला उंबर-वडाची फळं हवीत आणि ढोलीचं झाड हवं. अशी म्हातारी झाडं सगळ्यात जास्त कुठे उरतात? देवराईत. म्हणजे धनेश ठेवायचा तर देवराई ठेवावी लागते, आणि देवराई म्हटली की तिचे नियम पाळणारी वाडी आली. माणसं अशी आपण होऊन रानात येतात.

आता वाघ. इथे हिशोब कडक ठेवा. एक वाघ वर्षाला साधारण ५० मोठी जनावरं मारतो. सावजांची संख्या टिकायची तर दरवर्षी त्यातला सुमारे दहावा हिस्साच खाल्ला जायला हवा. म्हणजे एका वाघामागे ५०० सावजं. आपल्या खोऱ्यातून सडा, शेतं, उघडे कडे वजा केले तर २४० चौरस किलोमीटर रान उरतं असं धरू. अशा चढाच्या, ओल्या रानात सावजं विरळ असतात. चौरस किलोमीटरला सहा धरा. झाली १४४०. त्यात बिबट्याचा आणि कोळसुंद्यांच्या, म्हणजे रानकुत्र्यांच्या टोळीचाही वाटा आहे. उरतो जेमतेम एक वाघ, फार तर एक वाघीण आणि अधूनमधून येणारा नर.

मला हा हिशोब पहिल्यांदा मांडला तेव्हा वाईट वाटलं होतं. तीनातले दोन वाघ पुसावे लागले. पण त्यानंतर उरलेल्या वाघिणीला वजन आलं. ती एकटी असल्यामुळे तिचा प्रत्येक ठसा ही बातमी झाली. खोऱ्याबाहेरून नर कुठून येतो, कुठल्या खिंडीतून, ती खिंड उघडी राहील का, हे प्रश्न गोष्टीचा कणा झाले. तुमच्या नकाशाच्या कडेला म्हणून किमान दोन 'दारं' ठेवा. आपल्या खोऱ्याला उत्तरेला एक खिंड आणि दक्षिणेला नदीकाठची झाडोऱ्याची पट्टी. यातलं एक जरी बंद झालं तर पुढच्या पिढीत काय होईल, ते तुम्हाला सांगावं लागेल.

बिबट्या वेगळा. तो ससा, वानर, शेळी, कुत्रं, काहीही खाऊन वाडीच्या कडेला निभावतो. म्हणून माणसाची आणि मोठ्या मार्जाराची गाठ दाखवायची असेल तर बहुतेक वेळा ती बिबट्याशी पडते. हे लक्षात ठेवलंत तर रात्रीच्या ओसरीवरचा प्रसंग खरा उतरेल.

जनावर दिसण्याआधी ऐकू येतं, हेही लिहिताना विसरू नका. वानर झाडावरून खाकरतं, भेकर कुत्र्यासारखं भुंकतं, सांबर एकदाच मोठ्याने 'पोंक' करतं. या आवाजांची दिशा सरकत गेली की कोणीतरी चालतंय, हे रानातला माणूस ओळखतो. वाघ न दाखवता वाघ दाखवायचा असेल तर यासारखा मार्ग नाही.

एखादा नवा प्राणी घडवायचा असेल

मोठा घडवू नका. मोठ्याला मोठा मुलूख लागतो आणि मग तो आजवर कोणाला दिसला कसा नाही, हा प्रश्न उरतो. लहान घडवा आणि त्याला एकाकी जागा द्या.

सह्याद्रीने स्वतः तेच केलं आहे. आंबोली टोड नावाचा बेडकाचा भाऊबंद फक्त आंबोलीच्या परिसरात सापडतो. तिथल्याच हिरण्यकेशीच्या देवस्थानाजवळच्या पाण्यात एक इवलासा मासा आहे. त्याची शास्त्रात नवी जात म्हणून नोंद २०२० साली झाली आणि २०२१ मध्ये शासनाने ती जागा जैविक वारसा स्थळ जाहीर केली. देवाचं पाणी म्हणून लोकांनी सांभाळलेल्या जागेत हा मासा राहिला. मला हे वाचलं तेव्हा मामांचाच प्रश्न आठवला.

भेरलीच्या खोऱ्यात मी असाच एक बेडूक ठेवला आहे. गेंदाच्या सड्यावर कातळातल्या उथळ खळग्यांत तो पावसाळ्यात अंडी घालतो आणि उरलेलं वर्ष दगडाखाली काढतो. सड्याभोवती उतरंडीचं रान आहे, ते त्याला ओलांडता येत नाही, म्हणून तो दुसरीकडे कुठेच नाही. त्याचा आवाज, त्याचा रंग तुम्ही ठरवा. मात्र त्याचे चार रकाने आधी भरा.

अद्भुत हवं असेल तरी रानातलंच घ्या. भीमाशंकरच्या रानात भर पावसाळ्यात कुजक्या लाकडावरची बुरशी रात्री मंद हिरवट उजेड देते. मेअखेर-जूनमध्ये काजव्यांनी झाडंच्या झाडं लुकलुकतात. अशा उजेडात वाट शोधणारं एखादं पात्र कल्पून पाहा.

माणसं आणि नावं

सड्याच्या कडेला धनगरवाडा, म्हशी आणि लाकडी कुडाची घरं. मधल्या उतारावर नाचणी-वरीची शेतं. खाली नदीच्या वळणावर भात. देवराई वाडीपासून हाकेच्या अंतरावर, आत कुंड, आणि त्या राईतली काटकीही कोणी नेत नाही.

नावं शेवटी ठेवा, आधी नको. रानातली नावं जे दिसतं त्यावरून पडतात. जांभूळपाडा, पळसदरी, चिंचवड ही खरी नावं पाहा. झाड, पाणी, दगड, जनावर, देव यांपैकी एक घ्या आणि त्याला दरी, कोंड, नाळ, मेट, दांड, कपार, वाडी यांतलं योग्य ते जोडा. आमच्या खोऱ्यात उंबरमेट आहे, पिसोरीची नाळ आहे, वाघजाईची खिंड आहे. दोन वाड्या एकाच नावाच्या असतील तर धाकटी खुर्द, थोरली बुद्रुक. आणि एखादं नाव असं ठेवा की ज्याचं जनावर आता उरलेलं नाही. 'सांबरतळं' म्हणतात, पण तळं बुजलंय आणि सांबर तिथे कोणी पाहिलेलं नाही. त्या एका नावात पन्नास वर्षांचा इतिहास येतो, वेगळा सांगावा लागत नाही.

बारा महिने लावून पाहा

भिंतीवर लावायला एक पट्टी करा. मृग लागला की पहिल्या पुरात मासे उलटे चढतात, वलगण. वाडी टोपल्या आणि जाळी घेऊन ओढ्यावर. आषाढात माथ्यावर हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत असं धुकं, आणि पहाटे ओढ्याकाठी शीळ घालणारा कस्तूर. भाद्रपद-आश्विनात सडा फुलतो. कार्तिकात गवत पिवळं पडतं. पौषात दव. माघ-फाल्गुनात पानं झडलेल्या रानात पळस, पांगारा, सावर लाल. त्यानंतर वणव्याचे दिवस. वैशाखात करवंदं, मग जांभळं, आणि अस्वलं या दोन्हींच्या मागे.

तुमच्या गोष्टीतला प्रत्येक प्रसंग या पट्टीवर कुठे बसतो ते लिहा. करवंदं खात असलेला मुलगा आणि शेजारी फुललेला सडा असं एका पानावर आलं असेल तर यातलं एक काढा.

परीक्षा

सगळं झालं की एक पात्र घ्या, नाव नसलं तरी चालेल, आणि त्याला वैशाखातल्या एका दिवशी पूर्वेकडच्या वाडीतून पश्चिमेच्या कड्यापर्यंत चालवा. पहाटे चारला निघू दे. बरोबर एक लिटर पाणी. दर तासाला लिहा: कुठल्या उंचीवर आहे, पायाखाली काय, सावली कशाची, कुठला आवाज, पाणी किती उरलं. विहीर सुटली की पुढचं पाणी थेट अस्वलडोह, तोही साडेतीन तासांवर. साडेसात वाजता तो तिथे पोचायला हवा. वाटेत दोन दांड ओलांडावे लागतात, कारवीतून जावं लागतं.

तासागणिक काही लिहायला सुचत नसेल तर नकाशाचा तेवढा तुकडा अजून रिकामा आहे. तिथे पुन्हा खडकापासून सुरुवात करा. आणि तो डोहाशी पोचला की घाईने ओंजळ भरायला लावू नका. आधी काठचा चिखल पाहू दे. कोण कोण येऊन गेलंय, कोणाचा ठसा अजून पाण्याने भरतोय, ते त्याला वाचू दे.